एकट्याचं औषध

वाटे घालावेत तर जनानंच. कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पोटात जी वाडी आहे, तिथे कुणालाही विचारा, हेच सांगतील. डोह उपसून मासे धरले, खाचरातले मुठे, म्हणजे लहान खेकडे, गोळा केले, रानातून कंद खणून आणले, की सगळं येऊन पडायचं ते जनाच्या पुढ्यात. ती पळसाची पानं मांडायची आणि चुलीगणिक वाटा घालायची. जो आला त्याला वाटा, जो तापानं घरी पडून राहिला त्यालाही वाटा, आणि पोटुशी असेल तिला दोन. तागडी नाही, माप नाही. पण आजवर कुणी शेजारच्या पानाकडे वाकून बघितलं नव्हतं. आणलेलं एकट्यानं खाल्लं तर ते अंगी लागत नाही, हे त्या वाडीत पोराला बोलता येण्याआधी कळतं.

तिचा नवरा वाघ्या. नाव वाघ्या, पण स्वभाव गाईचा. गेल्या हिवाळ्यात एका बंगल्यावर पत्रे बसवताना तो छपरावरून खाली आला. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी कर्जतच्या बाजूला असले बंगले आता भातापेक्षा जास्त पिकतात, आणि त्यांची छपरं शाकारायला वाडीचीच माणसं लागतात. मांडीचं हाड मोडलं. बंगल्याचा मालक तसा भला माणूस. त्यानं स्वतःच्या गाडीत घालून वाघ्याला खोपोलीच्या रस्त्यावरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, मात्र सीटवर आधी प्लॅस्टिक अंथरलं.

दवाखाना झकास होता. काचेची दारं, दारात शोभेची झाडं, आत पाऊल टाकलं की गारेगार. जनाला वाटलं, इथे माणूस मरायचं म्हटलं तरी मरणार नाही. हाडाला लोखंडी पट्टी बसवली, टाके घातले. शेजारच्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर होता, त्याची जखम सारखी वाहत असायची आणि तो दिवसभर बायकोला फोनवर सांगायचा की मी ठणठणीत आहे. काही दिवसांनी वाघ्या घरी आला. मिनीडोर रिक्षातून उतरला तेव्हा त्याला झोळीत घालून वर न्यायला अख्खी वाडी खाली आली होती.

घरी आल्यावर जखमेच्या टोकाला एक टाका ओला दिसायला लागला. मग दोन. मग पिवळं पाणी. जना चिंध्या बदलायची, वापरलेल्या चिंध्या ओढ्यावर नेऊन खळखळून धुवायची आणि कुडावर वाळत घालायची. स्वच्छतेत ती कुणाला हार जाणारी नव्हती. वाघ्या दारातल्या खाटेवर पडलेला, आणि त्याच्याभोवती सगळा गोतावळा. आजारी माणसाला एकटं टाकायचं नाही, हाही वाडीचा कायदाच. सगळ्यात जास्त असायची ती कोंडीची पोर, लाडी. कोंडी म्हणजे वाघ्याच्या मयत भावाची मुलगी, शेजारच्याच घरात दिलेली. तिची रांगती पोरगी दिवसभर वाघ्याच्या कुशीत लोळायची, त्याच्या जखमेवरच्या चिंधीचं टोक धरून ओढायची, आणि वाघ्या कळ सोसून हसायचा.

मग वाघ्याला हुडहुडी भरली. रोहिदास, त्यांचा मुलगा, खोपोलीच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. तो धावत आला आणि बापाला परत त्याच दवाखान्यात घेऊन गेला. तेवढा मोठा दुसरा होता कुठे?

या वेळी त्यांना डॉक्टर शगुफ्ता भेटली. कर्जतच्या बाजारात लियाकतशेठचं कापडाचं दुकान आहे, त्यांची ही मुलगी. जनाला तिच्याशी बोलायला बरं वाटायचं, कारण ती मराठी बोलायची ती बाजारातली, पुस्तकातली नव्हे. जखमेतला पू तपासायला पाठवला होता, त्याचं उत्तर आलं तेव्हा तिनं जनाला बाजूला बसवलं.

"मावशी, जखमेत जंतू शिरलाय. तसा तो आपल्या सगळ्यांच्याच नाकात, कातडीवर असतो, गप पडून असतो. पण दवाखान्यातला हा जो आहे ना, तो औषधं पचवून पचवून कोडगा झालाय. साधी औषधं त्याला आता लागत नाहीत."

"आमी काय घाण केली नाय हो डॉक्टरीणबाय. ओढ्याचं पानी आमचं नितळ हाय."

खोटं बोलायची शगुफ्ताला सवय झाली नव्हती अजून.

"तुमच्याकडून नाही आला मावशी. इथूनच आलाय. ऑपरेशनच्या वेळी म्हणा, नाहीतर ड्रेसिंग करताना, एकाचा हात दुसऱ्याला लागून. तो ट्रक ड्रायव्हर आठवतो का? त्याच्या जखमेत हाच होता."

जनानं मान डोलावली. जिथे बरं व्हायला जायचं तिथूनच रोग आणायचा, ही गोष्ट तिच्या डोक्यात बसायला वेळ लागला. आपल्याही बसत नाही. सर्दी झाली की दुकानातून दोन गोळ्या घेऊन आपण मोकळे होतो, लवकर वजन भरावं म्हणून कोंबड्यांच्या खाण्यातही तीच औषधं मिसळतो, आणि मग एक दिवस जंतू त्या औषधांना जुमानेनासा होतो. पण हे शहाणपण सांगायला सोपं. भोगायला वाघ्या होता.

जखम उघडून धुतली, शिरेतून औषध दिलं, ताप उतरला. घरी सोडताना शगुफ्तानं गोळ्यांची पाकिटं जनाच्या हातात दिली. कुठल्याशा ट्रस्टकडे खेटे घालून तिनंच त्या मिळवल्या होत्या. "या साध्या गोळ्या नाहीत मावशी. गोळ्यांमधे त्या जंतूवर आता हेच एक औषध चालतं. सकाळी एक, संध्याकाळी एक. बरं वाटलं तरी संपेपर्यंत द्यायच्या. चुकवायच्या नाहीत."

सगळं सांगितलं तिनं. एकच सांगायचं राहिलं, की या दुसऱ्या कुणाला देऊ नका. ते सांगावं लागेल असं तिच्या काय, कुणाच्याच डोक्यात आलं नसतं.

जना वाडीत परतली तेव्हा वाडीवर गळवं उठली होती. सुंदराच्या काखेत, सहदेवच्या मानेवर, पोरांच्या तर पायांवर, ढुंगणावर, जिथे तिथे. लालभडक, ठणकणारी, आणि फुटली की तसाच पिवळा पू. जनानं तो पाहिला. तिनं तो पू ओळखला. इतके दिवस ती तोच पुसत होती. सरकारी दवाखान्यातून सगळ्यांना पांढऱ्या गोळ्या मिळाल्या होत्या, त्यांचा उपयोग शून्य. आणि कोंडीच्या लाडीच्या गळ्याखाली तर लिंबाएवढी गाठ. पोरगी तापानं फणफणलेली, दूध तोंडात धरेना.

"काकी, ही वाचंल ना गं?" कोंडीनं विचारलं. तिची एक पोरगी आधीच गेलेली होती.

जनानं वाघ्याकडे बघितलं. वाघ्यानं गोळ्यांच्या पाकिटाकडे बघितलं.

आता सांगा, तिचं काय चुकलं? रोग तोच, हे तिनं डोळ्यांनी बघितलेलं. त्या रोगावर औषध एकच, हे डॉक्टरनं तोंडानं सांगितलेलं. औषध घरात, आणि शेजारी पोर तापात. शिकल्यासवरल्या माणसानंही हाच हिशेब मांडला असता, फक्त त्यानं दार लावून घेऊन गोळ्या एकट्यानं खाल्ल्या असत्या. "दे तिला," वाघ्या म्हणाला. "येकट्यानं गिळली तं माज्या घशाखाली उतरंल का ती?"

जनानं अर्धी गोळी मधात कालवून लाडीला चाटवली. दोन-तीन दिवसांत गाठ फुटली, ताप उतरला, आणि पोरगी वाघ्याच्या खाटेला धरून उभी राहिली. कोंडीनं वाघ्याच्या दुखऱ्या पायावर डोकं टेकवलं. मग बाकीच्या घरांना कसं नाही म्हणायचं? जनानं वाटे घातले. लहानांना अर्धी, मोठ्यांना एक, आणि सगळ्यात जास्त वाघ्याला, कारण दुखणं त्याचं मोठं. कुणी तक्रार केली नाही. वाडीतली गळवं वाळली, आणि जनाला किती दिवसांनी शांत झोप लागली.

पाकिटं मात्र लवकर संपली. वाघ्याचा पाय बरा दिसत होता, म्हणून कुणी बोललं नाही. होळीच्या सुमाराला तो परत सुजला. या वेळी जखम उघडली तेव्हा तळाशी पट्टीचं लोखंड दिसलं.

दवाखान्यात शगुफ्तानं पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या सगळ्या घेतल्या ना?"

"घेतल्या तर. सगळ्यांनी घेतल्या."

"सगळ्यांनी म्हणजे?"

जनानं सांगितलं. कुणाला किती, तेही सांगितलं. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. ऐकता ऐकता शगुफ्ताचा चेहरा लाल झाला.

"मावशी, तुम्ही हे काय केलंत! अर्धवट औषध दिलं की जंतू मरत नाही, उलटा शहाणा होतो. ते प्रसाद आहे का वाटायला? ते त्यांच्या एकट्यासाठी होतं!"

रोहिदास शेजारीच उभा होता. त्याला आईची लाज वाटली की बापाची काळजी, त्याचं त्यालाच ठाऊक. "आये, तुला अक्कल हाय का नाय?" तो ओरडला, आणि बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

जनाला राग आला, आणि राग आला की ती हळू बोलायची.

"डॉक्टरीणबाय, येक इचारू? ह्यो रोग आमच्या वाडीत नवता. तुमीच बोललात, तो हितून आला. मंग रोग समद्यांना दिलात नि औषद येकट्याला? ह्यो कसला वाटा?"

वाडीत गळवं उठली आहेत हे शगुफ्ताला कुणी कळवलंच नव्हतं. तिनं हळूच विचारलं, "किती जणांना?" जना म्हणाली, "कोणाला नाय ते इचारा."

पुढचं सगळं उतारावरून गाडी सुटावी तसं झालं. पुन्हा पू तपासला. ज्या औषधाच्या गोळ्या होत्या, ते आता त्या जंतूला लागेनासं झालं होतं. लोखंडी पट्टी काढली, तर खालचं हाड कुजलेलं. एक इंजेक्शन उरलं होतं, ते सुरू केलं, तर वाघ्याची लघवी बंद व्हायला लागली आणि ते थांबवावं लागलं. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना फोन झाले, त्यांनीही तेच सांगितलं. वाघ्याला कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत हलवलं आणि दारावर पाटी लावली. आत येणारे आता झगे आणि हातमोजे घालून यायचे. हे सगळं आधी केलं असतं तर, असं जनाच्या मनात आलं. पण बोलून पाय बरा होणार होता का?

शेवटी शगुफ्तानं सांगितलं. पाय मांडीतून काढावा लागेल. नाहीतर विष रक्तात भिनेल आणि माणूस हातचा जाईल. काढूनही वाचेलच असं ती म्हणाली नाही. जना तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिथे खात्री नावाची गोष्ट औषधालाही नव्हती.

त्या दुपारी जिन्याखाली जनानं तिला गाठलं. शगुफ्ता डबा खात होती, ती उठायला लागली.

"बसा, बसा. खरं येवढंच सांगा. मी गोळ्या वाटल्या म्हणून पाय जातो ना?"

"मावशी, ते असं सांगता येत नाही."

"का नाय येत? तुमी डॉक्टर हात."

"हाडात लोखंड असलं की जंतू त्याला चिकटून बसतो. सगळ्या गोळ्या खाऊनही कित्येकांचं हेच होतं. तुम्ही वाटल्या नसत्या तर पाय वाचला असता का? असता कदाचित. नसताही. मला खरंच ठाऊक नाही."

जनाला कुणीतरी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. हो म्हणाली असती तर रडता आलं असतं, नाही म्हणाली असती तर श्वास घेता आला असता. या दोन्हीच्या मधे माणसानं उभं कुठं राहायचं?

"बरं. पन पोरं तर वाचली ना? लाडी तरी?"

शगुफ्तानं डब्याचं झाकण लावलं. ती बराच वेळ ते झाकण दाबत बसली. खरं तर तिनं हो म्हणायला हवं होतं. ते तिलाही नंतर कळलं असणार. पण ती तरुण होती, दमलेली होती, आणि समोरच्या बाईनं खरं मागितलं होतं.

"गळवं फुटून पू निघून गेला की बहुतेक आपोआप बरी होतात मावशी. तुम्ही सांगितलंत तशी तिची गाठ फुटली ना? त्यानंच ताप उतरला असेल. गोळी दिली नसती तरी ती... बहुतेक बरी झालीच असती."

जना वर आली. वाघ्या जागा होता. पाय काढायचा हे त्याला रोहिदासनं सांगितलं होतं, आणि तो छताकडे बघत पडला होता. इतक्या वर्षांच्या संसारात जनानं त्याच्याशी वाट्याच्या बाबतीत कधी लपवाछपवी केली नव्हती, आणि आता करायला गेली तर जमेना. तिनं सगळं सांगून टाकलं. गोळ्यांचं, हाडाचं, लाडीचंही.

"म्हंजी फुकट गेल्या," वाघ्या म्हणाला.

"हां."

"समद्या?"

"डॉक्टरीण बोलली, बहुतेक."

तिला वाटलं आता तो शिव्या घालील. घालाव्यात असं तिला फार वाटत होतं. पण तो गाईचाच माणूस. म्हणाला, "कोंडीला नको सांगू."

"काय?"

"तिची पोर माज्या गोळीनं वाचली, असं वाटतं तिला. रोज पाया पडायची माज्या. काकाचा पाय आपल्यापाई गेला नि वर तो फुकट गेला, येवढं दोनी ती बाय कुटं ठेवंल गं? गोळीनं पोर वाचली, येवढं तरी ऱ्हाऊ दे तिच्याकडं." मग त्याला धाप लागली आणि त्यानं डोळे मिटले.

पाय काढला. वाघ्या त्यातून जिवंत बाहेर आला, इतकंच म्हणता येईल. ताप अधूनमधून चढत होता, आणि शगुफ्ता रोज येऊन उरलेल्या मांडीचं टोक बघायची आणि उद्या बघू म्हणायची. तिनं जनाला बजावलं होतं, की तुमच्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि लहान मूल तर या खोलीत पाऊल टाकता कामा नये. वाडीतल्या सगळ्यांना नीट तपासून औषध द्यायला ती स्वतः येणार होती, वरून परवानगी मिळाली की. परवानगी अजून मिळायची होती.

अशात एका दुपारी कोंडी आली. वॉचमनची नजर चुकवून, लाडीला पदराखाली घेऊन, थेट खोलीत. चादरीखाली जिथे पाय नव्हता ती सपाट जागा तिनं पाहिली आणि तोंडात पदर कोंबला. मग काही न बोलता ती खाटेशी वाकली, आणि वाघ्याचा जो एक पाय उरला होता त्यावर लाडीचं डोकं टेकवायला पोरीला पुढे केलं.

"लांब कर तिला!" जना ओरडली. तिनं झडप घालून कोंडीचं मनगट धरलं आणि मायलेकींना मागे ढकललं. ढकललं तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपण सकाळपासून त्याच्याच जखमेवरच्या पट्ट्या उचलतोय, आणि तिनं चटका बसल्यासारखा हात सोडला.

लाडी घाबरून रडायला लागली. कोंडी भिंतीला टेकून उभी राहिली. जनानं असा आवाज तिच्यावर जन्मात चढवला नव्हता.

"काकी, राग हाय ना माज्यावर?"

"नाय गं बाय. डॉक्टरीणनं सांगितलंय, पोरीला हितं आनायचं नाय. हितली घान लय वंगाळ हाय, परत लागंल तिला."

"मला ठावं हाय, काकी. त्या गोळ्या माजी पोर खाऊन बसली म्हून काकाचा पाय गेला. तुज्या मनात हाय ते. बोलत नाय येवढंच."

खरं जनाच्या जिभेवर आलं. एका वाक्याचं काम होतं. तिनं वाघ्याकडे बघितलं. वाघ्यानं उशीवरच डोकं हलवलं, नाही म्हणून. जनानं ते वाक्य गिळलं.

"तसं काय नाय गं," ती म्हणाली. पण तिचा आवाज तिलाच खोटा वाटला, मग कोंडीला का वाटू नये?

कोंडीनं पोरीचं तोंड पदरानं पुसलं आणि ती दाराकडे वळली. लाडीचं रडणं थांबलं होतं. रोजच्यासारखं जनानं आपल्याला घ्यावं म्हणून आईच्या खांद्यावरून ती दोन्ही हात पुढे करत होती. जना खाटेशी उभी राहिली आणि तिनं आपले हात पाठीमागे घट्ट धरले. पोरगी दार बंद होईपर्यंत हात पसरून होती.